नाताळचं ताट दरवर्षी थोडं वेगळं का दिसतं?

डिसेंबर अर्ध्यावर आला की वसई, गोवा आणि मुंबईतल्या गावठाणांमधल्या ख्रिस्ती घरांत एक वाद ठरलेला असतो. आजी म्हणते, दोदोल (तांदळाचं पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचं दूध आटवून केलेला मऊ गोड पदार्थ) घरीच झाला पाहिजे. सून म्हणते, दोन-तीन तास कढईपुढं उभं राहायचं कुणी, विकत आणू. नातवंडांना चॉकलेट केक हवा असतो. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकाला (अंडी आणि नारळाच्या दुधाचा थराथरांचा केक) भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या पदार्थाचं नाव त्या प्रदेशाशी कायद्यानं जोडलं गेलं. त्यानंतर ‘अस्सल काय’ या प्रश्नाला आणखी धार आली.

शेजारपाजारचे लोकही बुचकळ्यात पडतात. नाताळच्या ताटात करंजी कशी आली? मध्यरात्रीची प्रार्थना संध्याकाळी सात वाजता कशी होते? मागच्या वर्षी आलेलं ते काळं, मऊ, गुळचट काहीतरी यंदा का नाही? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: घरातली परंपरा कशी टिकते आणि कशी बदलते. ती नाताळच्या ताटावरून जितकी स्वच्छ समजते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून समजत असेल.

ताट म्हणजे नेमकं काय?

गोव्यात याला कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडं कुस्वार, वसईत सरळ नाताळचा फराळ. कोन्सुआद हा शब्द पोर्तुगीज. पोर्तुगालमध्ये तो २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणासाठी वापरतात. गोव्यात आल्यावर त्याचा अर्थ सरकला आणि शेजाऱ्यांकडं पाठवायच्या गोडाच्या ताटाला तो चिकटला.

ताटात साधारण आठ-दहा जिन्नस असतात. कुलकुल (मैद्याच्या तळलेल्या गोड वळ्या, गोव्यात किडयो), नेवऱ्या म्हणजे करंज्या, दोदोल, नारळ-रव्याचा केक, पेरूची वडी म्हणजे पेराद, खजुराच्या गुंडाळ्या, दुधाच्या साच्यातल्या वड्या, आणि ऐपतीप्रमाणं बेबिंका. वर विणलेला रुमाल टाकून मुलांच्या हाती ते आठ-दहा घरी जातं. हिंदू शेजाऱ्यांकडं जातं तेव्हा ते दिवाळीच्या फराळाची परतफेड असतं. भरलेलं ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत दोन्हीकडं सारखीच. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतात.

आणखी एक रीत आहे. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथं गोड करत नाहीत. त्या घरी ताट मात्र जातं. दिवाळीत आपल्याकडं हेच होतं. ताट पोटासाठी नसून नात्यासाठी आहे, हे इथं सगळ्यात जास्त कळतं. पुढच्या सगळ्या चर्चेत ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

आढं, वासे आणि कौलं

कोकणातलं कौलारू घर आठवा. पावसाळ्याआधी कौलं चाळतात, फुटलेली काढतात, नवी बसवतात. पंधरा-वीस वर्षांत बहुतेक कौलं बदललेली असतात, पण घर तेच राहतं. वासा एखाद्या पिढीत एकदा बदलतो. आढ्याला मात्र कुणी हात लावत नाही.

घरातल्या परंपरेचेही असेच तीन थर असतात. आढं म्हणजे तिचं काम: येशूजन्माचा सण एकत्र साजरा करणं आणि त्या आनंदात शेजाऱ्याला वाटेकरी करून घेणं. वासे म्हणजे करण्याची पद्धत: कोण करतं, किती जण मिळून करतात, कधी करतात, कोणाकडं पाठवतात. कौलं म्हणजे पदार्थ, सजावट, वेळ. घरातली बहुतेक भांडणं कौलांवरून होतात, आणि खरा धोका असतो वाशांना. कौल बदललं तर सगळ्यांना दिसतं. वासा कुजतो तेव्हा छताखाली बसलेल्यांनाही कळत नाही.

कुलकुल: सगळा हिशोब हातांचा

वासा म्हणजे काय हे कुलकुलात नीट दिसतं. अर्धा किलो मैदा, ७५ ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, एक अंडं, चिमूटभर मीठ, आणि मळायला लागेल तसं नारळाचं दाट दूध, साधारण १८० ते २०० मिली. पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. मग छोट्या बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या, धुतलेल्या कंगव्यावर अंगठ्यानं दाबून पसरवायची आणि गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी खाचा असलेली वळी तयार होते.

बिघडतं ते चार ठिकाणी. साखर जास्त झाली तर बाहेरून लगेच तांबूस होतं आणि आत कच्चं राहतं, कारण साखर पिठाच्या आधी करपते. मोहन जास्त झालं तर तेलात विरघळतं. गुंडाळीची कड नीट चिकटवली नाही तर तळताना उलगडतं. गरम असतानाच डब्यात भरलं तर वाफ झाकणाला लागून परत खाली उतरते आणि दुसऱ्या दिवशी सगळं मऊ पडतं. मंद ते मध्यम आचेवर, एका घाण्याला सहा-सात मिनिटं देऊन तळावं आणि पूर्ण गार होईपर्यंत कागदावर पसरून ठेवावं. वरून साखरेचा थर हवा असेल तर दोन तारी पाकात घालून, साखर पांढरी होऊन चिकटेपर्यंत हलवत राहायचं.

आता हातांचा हिशोब. एक किलो मैद्याचं मळलेलं पीठ सुमारे १६५० ग्रॅम भरतं. एक कुलकुल पाच ग्रॅमचं धरलं तर सव्वातीनशेच्या आसपास होतात. सरावाचा हात मिनिटाला चार वळतो. म्हणजे एकटीला जवळजवळ दीड तास, तोही पाठ मोडणारा. चार जणी बसल्या तर वीस-बावीस मिनिटं, आणि गप्पांत कधी संपलं कळतही नाही. कुलकुल हा पदार्थच अनेक हात गृहीत धरून तयार झालेला आहे. आपल्याकडं लग्नाआधी बायका एकत्र बसून गव्हले करतात, त्यामागचा विचार तोच. आंध्रात याच आकाराचा गोड पदार्थ गव्वलू, म्हणजे कवड्या, या नावानं होतो.

म्हणून कुटुंब विभक्त झालं की ताटातून आधी गळतं ते कुलकुल. चव नावडती झाली म्हणून ते जात नाही, शेजारी बसायला दुसरं कुणी उरत नाही म्हणून जातं.

दोदोल आणि बेबिंका: आच बदलली की पदार्थ बदलतो

दोदोलाची अडचण वेगळी आहे. पाव किलो तांदळाचं पीठ, अर्धा किलो माडाचा गूळ, तीन मोठ्या नारळांचं दूध, पाव चमचा मीठ, मूठभर काजू. माडाचा गूळ म्हणजे नारळाच्या नीरेचा. तोच दोदोलाला काळा रंग आणि किंचित धुरकट चव देतो. त्यात कचरा असतो, म्हणून आधी पातळ दुधात वितळवून गाळून घ्यावा. पीठ नेहमी गार दुधात कालवावं. गरम दुधात पीठ पडलं की प्रत्येक कणाभोवती लगेच चिकट पापुद्रा तयार होतो, आतलं पीठ कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात.

मग ढवळणं. एवढ्या मापाला दीड ते दोन तास, घाणा मोठा असेल तर तीन. इतका वेळ का? पातळ पदार्थात तळाचा गरम भाग आपोआप वर येतो आणि वरचा गार भाग खाली जातो. मिश्रण घट्ट झालं की ही ये-जा थांबते आणि सगळी उष्णता तळाशी अडकते. ती वर आणायचं काम मग उलथन्याला करावं लागतं. दोन मिनिटं फोन घ्यायला गेलात तर तळ लागतो, आणि करपल्याचा वास पूर्ण कढईभर होतो. शेवटी पाणी इतकं कमी होतं की नारळाचं तेल सुटून कडेला चमकायला लागतं आणि गोळा कढई सोडतो. तीच खूण. त्याआधी उतरवला तर तीन-चार दिवसांत बुरशी धरते. नीट आटलेला दोदोल दोन आठवडे सहज राहतो.

पूर्वी हे काम परसात, तीन दगडांच्या चुलीवर, तांब्याच्या कढईत व्हायचं आणि ढवळायला घरातले पुरुष आळीपाळीनं लागायचे. फ्लॅटच्या ओट्यावर ती कढई बसत नाही. नॉनस्टिक पातेल्यात पाव किलोचं माप जमतं, तळही कमी लागतो, पण त्यातून आठ-दहा ताटं भरत नाहीत. म्हणून दोदोल विकत येऊ लागला. ज्यांच्याकडं अजून परसातली चूल आणि मोठी कढई आहे, अशी गावातली मंडळी तो करून देतात. या बदलाला नावं ठेवण्यासारखं काहीच नाही.

बेबिंकाचं उलट आहे. त्याला आच वरून लागते. दहा अंड्यांचे पिवळे बलक, दोन नारळांचं सुमारे ४०० मिली दाट दूध, ३५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम मैदा, जायफळ. भांड्यात चमचाभर तूप, त्यावर पळीभर मिश्रण, वर निखारे ठेवलेलं झाकण. थर तांबूस झाला की पुन्हा तूप, पुन्हा पळी. असे किमान सात थर, हौस असेल तर सोळापर्यंत. एका थराला दहा-पंधरा मिनिटं धरली तर सात थरांनाच सव्वा ते पावणेदोन तास जातात. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे असत. आता ओव्हनची फक्त वरची कॉइल चालू ठेवतात. खालची चालू राहिली तर पहिला थर करपतो आणि अंडं फुटून पाणी सुटतं. थर पुरता तांबूस व्हायच्या आत पुढचं मिश्रण ओतलं तर दोन्ही थर एक होतात, आणि मग बेबिंका कापल्यावर पट्ट्याच दिसत नाहीत. कापायचा तो पूर्ण गार झाल्यावरच.

इथं एक मजेदार उलटापालट झाली आहे. दोदोल जुन्या चुलीबरोबर घराबाहेर गेला. घरगुती ओव्हन आल्यामुळं बेबिंका आणि केक घरात येऊ लागले. ओव्हन नसायचा त्या काळी केकचं मिश्रण डब्यांत भरून गावातल्या पदेराकडं म्हणजे पाववाल्याकडं किंवा बेकरीत नेत, पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी आच उरते तिच्यावर ते भाजून घेत, आणि आपला डबा ओळखू यावा म्हणून त्यावर खूण करत. म्हणजे आज ज्याला ‘घरचा केक’ म्हणतो तो आजीच्या काळात बऱ्याचदा बाहेर भाजलेला असायचा. जुनं सगळं घरचं आणि नवं सगळं बाजारचं, असं समीकरण मांडण्याआधी हे आठवावं.

ताडी गेली, यीस्ट आलं

वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या मराठीभाषक कॅथलिक) घरांत नाताळच्या जेवणाला फुगे लागतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी यांचं सैल पीठ आंबवायचं, मुठीत धरून दाबायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून वर आलेला गोळा ओल्या बोटांनी उचलून तेलात सोडायचा. आत पोकळ, बाहेर गुळगुळीत फुगा तयार होतो. सोबत इंद्याल किंवा सारपोतेल, म्हणजे मांसाचे आंबट-तिखट रस्से. दोन्हींत शिरका म्हणजे व्हिनेगर असल्यामुळं ते आदल्या दोन-तीन दिवशी करून ठेवता येतात, आणि मुरल्यावर चव चढते. सणाच्या दिवशी चुलीपाशी बसावं लागू नये म्हणून केलेली ही जुनी सोय आहे.

ताज्या ताडीत जिवंत यीस्ट असतं, तेच पीठ फुगवतं. पण ती सकाळी उतरवली की दुपारपर्यंत आंबट होत जाते, त्यामुळं जवळच मिळायला हवी. ताडाची झाडं कमी झाली, झाडावर चढणारे कमी झाले, आणि दुकानातलं सुकं यीस्ट आलं. अर्धा किलो मैद्याला पाच ते सात ग्रॅम पुरतं. ताडीवर पीठ तीन-चार तास ठेवत, यीस्टवर तासा-दीड तासात तयार होतं. जुन्या सवयीनं यीस्टचं पीठही चार तास ठेवलं तर ते फुगून परत बसतं, आंबूस वास येतो, फुगे चपटे होतात आणि तेल पितात. साहित्य बदललं की वेळही बदलावी लागते. ‘आजीसारखे होत नाहीत’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

‘पण हे तर सगळं पोर्तुगीजांचं!’

हा आक्षेप दरवर्षी येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट देणं गरजेचं आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानानं वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली २०५ वर्षं पोर्तुगीज सत्ता होती. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज ‘नताल’वरून मराठीत रुळला, त्याचा अर्थ जन्मासंबंधीचा. सत्ता गेली, पण इथली ख्रिस्ती माणसं इथलीच राहिली, आणि त्यांची भाषा, शेती, दागिने, लग्नातली गाणी इथलीच राहिली. वसईतला सामवेदी ख्रिस्ती समाज आजही घरात कादोडी बोलतो.

ताटाकडं याच नजरेनं पाहावं. नेवरी ही करंजीच. गोव्यात हिंदू घरांत ती चतुर्थीला होते, ख्रिस्ती घरांत नाताळला. दोदोल त्याच नावानं मलेशिया, इंडोनेशिया आणि श्रीलंकेत होतो. अंड्यांच्या बलकाची हौस युरोपातली, पण दूध नारळाचं. गव्हाणीचा देखावा, म्हणजे गोठा, मांडायची प्रथा इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी केलेल्या देखाव्यापासून पसरली. नाताळचं झाड जर्मन घरांतलं. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि इंग्लंडभर त्याची फॅशन झाली. आपल्या किनाऱ्यावर ते सुरूच्या फांदीचं झालं, कारण समुद्रकाठी तीच मिळते.

तरीही कुणाला हे परकं वाटत असेल तर एकादशीची साबुदाण्याची खिचडी समोर ठेवावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले, आणि समुद्रमार्गे आलेले. त्यांनी आपला सर्वांत सोवळा उपवास व्यापला आणि तो उपवास परका झाला नाही. पदार्थ आपला होतो तो पिढ्यान्‌पिढ्या हातानं केल्यामुळं.

मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी आली, मग जेवणाचं काय?

मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. जुना क्रम असा होता: २४ तारखेला उपवास, रात्री बाराला मिस्सा, घरी येऊन गरम जेवण, पहाटे झोप, सकाळी ताटं. हा क्रम दोन कारणांनी सैल झाला.

पहिलं कारण चर्चच्या आतलं. पूर्वी ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य असे. १९५३ मध्ये पाण्याची मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. त्यामुळं संध्याकाळच्या मिस्सेआधी चहा-फराळ करणं शक्य झालं. त्याच दशकात लॅटिनच्या जागी लोकभाषा आली आणि वसईतली मिस्सा मराठीत होऊ लागली. आज ज्यांना मराठी मिस्सा हीच ‘जुनी परंपरा’ वाटते, त्यांच्या आजोबांसाठी तो फार मोठा बदल होता.

दुसरं कारण बाहेरचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे. मुंबई-वसईत नाताळला माणसं चर्चमध्ये मावत नाहीत, मिस्सा पटांगणात होते. म्हणून अनेक धर्मग्रामांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, ती लवकर आणली.

‘मग ती खरी नाताळची मिस्सा उरते का?’ उरते. चर्चच्या उपासनाक्रमात नाताळसाठी चार वेगवेगळ्या मिस्सा आहेत: पूर्वसंध्येची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. खुद्द व्हॅटिकनमध्ये २००९ साली ती रात्री १० वर आली आणि २०२० मध्ये संध्याकाळी साडेसातला झाली.

घरात मात्र याचा परिणाम खोल आहे. मिस्सा नऊला सुटली की जेवण साडेनऊला होतं आणि फुगे संध्याकाळीच तळून ठेवावे लागतात. तळलेले फुगे तीन तासांत रबरासारखे होतात. त्यावर उपाय म्हणजे पीठ दुपारीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवणं. थंडीत यीस्ट मंदावतं. मिस्सेहून आल्यावर पाऊण तास बाहेर ठेवलं की पीठ पुन्हा उठतं आणि गरम फुगे वाढता येतात.

गोठा आणि तारा

यात बदल झाले, पण जीव टिकून आहे. गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी पेरतात. पेरायचा दिवस १४-१५ डिसेंबर. नऊ-दहा दिवसांत तीन-चार इंच उंची मिळते. १ तारखेला पेरलं तर नाताळपर्यंत रोप पिवळं पडून लोळतं. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तरी पिवळं पडतं, त्यामुळं पहिले दोन दिवस झाकून मग उजेडात काढावं. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नसते, आणि बाळाच्या दर्शनाला निघालेले तीन राजे रोज थोडे पुढं सरकवत ६ जानेवारीला पोचवायचे असतात. मुलांना हे रोजचं सरकवणं अतिशय प्रिय असतं. घरात लहान मूल असेल तर ते काम त्यालाच द्यावं.

बांबूच्या काड्यांचा आणि पतंगी कागदाचा तारा करणारी बोटं तीच, जी दिवाळीत आकाशकंदील करतात. पाच टोकांच्या ताऱ्याचे दोन सांगाडे करून टोकं बांधायची आणि मध्ये आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं. त्या काड्या लांबीनं सारख्या नसल्या तर तारा एका बाजूला कलतो. पणती-मेणबत्तीच्या जागी एलईडी आला हे फार बरं झालं, कागद पेटण्याची भीती गेली.

विकत आणलं तर परंपरा मोडली का?

पदार्थ विकत आणल्यानं मोडत नाही. ताट पाठवणं थांबलं की मोडते. सगळं विकत आणून आठ घरी पोचवणारं कुटुंब परंपरा चालवतं आहे, आणि सगळं घरी करून फक्त फोटो काढणारं कुटुंब ती हरवतं आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं.

पण सगळंच विकत आलं तर घरातले हात एकत्र येण्याचं निमित्त जातं. म्हणून निवड करावी. दोदोल, बेबिंका, दुधाच्या वड्या या मोठी कढई किंवा कसबी हात मागणाऱ्या वस्तू आहेत, त्या खुशाल विकत घ्याव्यात. कुलकुल आणि नेवऱ्या घरी ठेवाव्यात, कारण त्यांत मुलांना, आजोबांना, सुटीवर आलेल्या भाच्याला काम मिळतं. वाकडं कुलकुलही तळल्यावर तितकंच गोड लागतं. अर्धा किलो मैद्याचंच करावं. थोडं होईल, पण होईल.

‘मग घरातल्या बाईनंच पुन्हा राबायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि जुन्या दिवसांचं गुणगान करताना तो बहुतेक वेळा गिळला जातो. नाताळचा जुना थाट उभा होता तो बायकांच्या तीन आठवड्यांच्या जागरणांवर. ज्या घरात मळणं, वळणं, तळणं आणि भांडी घासणं वाटून घेतलं जात नाही, तिथं पदार्थ विकत आणणंच योग्य.

साखरेचा मुद्दाही आहे. ताट घेणाऱ्या अनेक घरांत आता मधुमेह आहे. जिन्नस कमी न करता तुकडे छोटे करावेत. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी कुलकुलात अंडं वगळून दोन चमचे दही घातलं तरी चालतं. फक्त ते वेगळ्या तेलात तळावं आणि सांगून द्यावं.

समुद्रापलीकडचं ताट

आखातातल्या बहुतेक देशांत २५ डिसेंबर कामाचाच दिवस असतो, त्यामुळं तिथं ताटं सुटीच्या दिवशी फिरतात. ब्रिटनमधल्या स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे. तिथली अडचण थंडीची. पीठ फुगत नाही. ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवलं तर काम होतं. डब्यातलं नारळाचं दूध ब्रँडप्रमाणं पातळ-दाट असतं, दोदोलाला दाट मलईचा डबाच घ्यावा. इथून सामान नेताना सारपोतेल नेऊ नये. ब्रिटनमध्ये प्रवाशांना भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कुलकुल हवाबंद डब्यात छान जातं.

आजीचा अंदाज कागदावर कसा आणायचा?

‘मावेल तितका मैदा’, ‘लागेल तसं दूध’ ही मापं आजीसाठी अचूक असतात, आपल्यासाठी नाहीत. तिच्याबरोबर ती माहिती जाऊ नये असं वाटत असेल तर एक दुपार आणि एक वजनकाटा पुरतो.

तिला माप विचारू नका, तिला करू द्या. मैद्याचा डबा ती हात घालण्याआधी तोला आणि नंतर तोला, फरक म्हणजे तिचं माप. तूप, साखर, गूळ यांचंही तसंच. तिची वाटी पाण्यानं भरून ते पाणी मोजा, कारण घराघरांतल्या वाट्यांत १२० पासून २०० मिलीपर्यंत फरक असतो. नारळ किती घेतले याबरोबर दूध किती निघालं हेही लिहा, नारळ लहान-मोठा असतो. मळलेल्या पिठाची एक गोळी तोलून ठेवा. आचेसाठी ‘मंद’ असं लिहू नका. पिठाचा कण तेलात टाकल्यावर किती सेकंदांत वर येतो ते मोजा. ती कढईचा आवाज ऐकून, वास घेऊन जे ठरवते ते तिच्याच शब्दांत टिपा: ‘आता तेल सुटलं’, ‘आता कड सोडली’. हेच शब्द पुढं काट्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आणि कोणत्या घरी ताट जायचं, कोणत्या क्रमानं, कुणाला अंडं चालत नाही, कोणाच्या घरी त्या वर्षी दुखवटा होता, ही यादीही त्याच वहीत लिहून घ्या.